फिरतीवरचं टपाल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन जणांनी (त्यात एक सख्खी मावसबहीण!) विचारलं, "तू नोकरीत नक्की काय करायचास रे?" नातेवाइकांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरमधला'. कुठल्याही लग्नकार्यात पाहुण्यांना गुलाबाचं फूल मिळतं, मला कुणाचा तरी बंद पडलेला लॅपटॉप मिळतो. तक्रार नाही. पण खरं काम काय होतं ते आज एकदाचं सांगून टाकतो. बावीस-तेवीस वर्षं मी मुख्यतः एकच काम केलं. आमच्या कंपनीतली जी माणसं फिरतीवर असत, त्यांना बाहेरगावाहून कंपनीची मेल वाचता यावी याची सोय करणं. दार उघडायचं, पण चोराला सापडणार नाही असं उघडायचं. बाकी सगळं म्हणजे प्रिंटर.

कंपनी पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीतली, पंप बनवणारी. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. माणसं तीनेकशे, त्यातली चाळीसेक कायम बाहेर. पंप विकला म्हणजे काम संपत नाही. तो जागेवर बसवायचा, चालू करून द्यायचा, आणि दोन वर्षांनी तो थरथरायला लागला की पुन्हा जायचं. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू झाला की आमच्या सर्व्हिसची मंडळी जी बाहेर पडत, ती थेट उन्हाळ्यातच टेबलावर दिसत. वीजकेंद्रं, खतांचे कारखाने, पाणीपुरवठ्याच्या योजना... जिथे पाणी चढवायचं तिथे आमचा माणूस.

त्यातले सगळ्यात जुने म्हणजे काका. आडनाव राहू दे, कंपनीत सगळे काकाच म्हणत. मीही इथे काकाच म्हणतो. त्यांच्या तरुणपणी फिरतीवरचा माणूस आणि कंपनी यांच्यात फक्त तार, ट्रंककॉल आणि नंतर एसटीडीचा पिवळा बूथ. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरायचा, म्हणून काका जेवून बूथबाहेर रांगेत उभे राहायचे आणि मॅनेजरच्या घरी फोन करून दिवसाचा अहवाल द्यायचे. "बेअरिंग तापतंय, ड्रॉइंग पाठवा." ड्रॉइंग कुरियरने तीन दिवसांनी. तोवर काका गेस्ट हाऊसवर.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्याकडे ते पोचायला आणखी अडीच वर्षं गेली. सुरुवातीला अख्ख्या कंपनीला एक पत्ता. एक मुलगी दिवसातून दोनदा डायल करायची, आलेल्या मेल छापायची आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. हसू नका, बऱ्याच कारखान्यांत असंच होतं. पुढे प्रत्येकाला पत्ता मिळाला, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ज्यांना मेलची सगळ्यात जास्त गरज आहे ती माणसं बाहेरगावी आहेत, आणि त्यांची मेल पुण्यात साचतेय.

मग १९९९ मध्ये आम्ही एक उपाय केला. सर्व्हर रूममध्ये विंडोज एनटीचं एक मशीन, त्याला दोन मोडेम आणि दोन टेलिफोन लाइनी. फिरतीवरच्या माणसाने लॅपटॉपवरून आमच्या नंबरला थेट फोन लावायचा. एनटीमध्ये एक झकास सोय होती, कॉलबॅक. माणसाने फोन लावला, पासवर्ड दिला, की सर्व्हर फोन कापायचा आणि उलट त्याला फोन करायचा. बिल कंपनीला. शिवाय ठरावीक नंबरवरच उलटा फोन जाईल असं बांधून ठेवता यायचं, म्हणजे पासवर्ड चोरला तरी चोराला उपयोग नाही. कागदावर उत्तम! पण काका होते लॉजवर. तिथे प्रत्येक खोलीला वेगळा नंबर कुठला? एकच नंबर आणि खाली काउंटरवर ऑपरेटर. आमचा सर्व्हर आज्ञाधारकपणे उलटा फोन करायचा, ऑपरेटर उचलायचा, "हॅलो, बोला," आणि त्याच्या कानात मोडेमची किंकाळी. चंद्रपूरच्या एका लॉजवरच्या ऑपरेटरने तिसऱ्या रात्री काकांना वर जाऊन सांगितलं, "साहेब, तुमच्या घरचं कुणीतरी फार रडतंय हो." कॉलबॅक मी दुसऱ्याच दिवशी बंद केला.

लॉजचे फोन हे एक शास्त्रच होतं. बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य किंवा नऊ, मग थांबायचं. मोडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. जुन्या एक्स्चेंजला तीन-तीन स्वल्पविराम लागायचे. काही ठिकाणचा डायल टोन मोडेमला ओळखूच यायचा नाही, तो 'नो डायलटोन' म्हणून हात वर करायचा. तेव्हा 'एटीएक्स३' अशी आज्ञा द्यावी लागे, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ फिरव नंबर. हे मी काकांना फोनवर शिकवलं होतं आणि त्यांनी ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. काही लॉजमध्ये वायर थेट भिंतीत गेलेली, काढायला पिनच नाही. त्यासाठी काकांच्या बॅगेत स्क्रू ड्रायव्हर आणि मगरीच्या जबड्यासारखे दोन चिमटे. पंपाचा इंजिनिअर, त्याला त्यात काय!

आणि वेग? ५ एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये घातलं की फुगून पावणेसात होतं, कारण मेलला फक्त अक्षरं कळतात, आणि फाइलचं अक्षरांत रूपांतर केलं की ती तिसऱ्या हिश्शाने वाढते. बरी लाइन मिळाली तर अर्धा तास. मधे तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे काकांचं एक वेळापत्रक बसलं होतं. रात्री नऊला डायल करायचं, मेल उतरवून घ्यायची, लाइन बंद करायची, शांतपणे वाचायची, उत्तरं लिहून ठेवायची, आणि साडेदहाला पुन्हा डायल करून एका झटक्यात पाठवून द्यायची. मग झोप. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००१ मध्ये लीज लाइन आली, ६४ केबीपीएसची (तेव्हा आम्हाला ती गंगाच वाटली), आणि मेल ब्राउझरमधून वाचायची सोय बाहेर उघडली. आता लॅपटॉपही नको, गावात सायबर कॅफे असला की झालं. हे लोकांना फार आवडलं आणि माझी झोप उडाली. कॅफेच्या मशीनवर दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारा प्रोग्रॅम बसवलेला असू शकतो, आणि आपला माणूस तिथे पासवर्ड टाइप करतोय. वर लॉग-ऑफ न करता उठतोय. एकदा दुपारी मला फोन आला. विदर्भातल्या एका कॅफेचा मालक. मेलच्या खाली सहीत कंपनीचा नंबर होता, तो बघून त्याने एसटीडी केला होता. "तुमचे एक साहेब मेल उघडी टाकून गेले. मी बंद केली. काही वाचलं नाही." मी त्याचे आभार मानले. त्याचं शेवटचं वाक्य मी आजही खरं मानतो. बहुतेक.

पुढे व्हीपीएन आलं, म्हणजे इंटरनेटच्या आतून आपल्यापुरता एक झाकलेला बोगदा. किल्लीच्या जुडग्यात अडकवायचं एक यंत्र आलं, ज्यावरचा सहा आकडी नंबर दर ६० सेकंदांनी बदलतो. दार पक्कं झालं. आणि ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला. त्याला मेल उघडावी लागत नव्हती, काही दाबावं लागत नव्हतं. मशीन इंटरनेटला नुसतं जोडलं की लागण. स्क्रीनवर एक मिनिटाची उलटी मोजणी आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. फिरतीवरून परत आलेल्या एका लॅपटॉपने आमचं अख्खं डिझाइन खातं दीड दिवस झोपवलं. दाराला कितीही कुलपं लावा, घरचाच माणूस ताप घेऊन आत आला तर काय करणार? असो.

इथवरची सगळी गंमत होती. मेल ही माणसाने जाऊन आणायची वस्तू होती, टपालपेटीसारखी. ब्लॅकबेरी आल्यावर ते उलटलं. भारतात तो २००४ मध्ये आला, आमच्याकडे दोनेक वर्षांनी, आधी मोठ्या साहेबांना आणि मग विक्रीच्या मंडळींना. आता मेल माणसाला शोधत यायला लागली. खिशात. एक बारीक लाल दिवा लुकलुकायचा आणि समोरचा माणूस बोलता बोलता मांडीकडे बघायचा.

मला मेलचा मजकूर दिसत नसे, बघायची इच्छाही नव्हती. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळा दिसतात. कोण कधी जोडला गेला, कधी पाठवलं. पूर्वी फिरतीवरच्या लोकांच्या वेळा एका ठिकाणी गोळा झालेल्या असत, रात्री नऊ ते अकरा. दोन वर्षांत त्या चोवीस तासांत सांडल्या. रात्री पावणेबारा. पहाटे सव्वापाच. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. एका विक्री अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो होतो, त्या दिवसाचा मुहूर्त ११ वाजून काही मिनिटांचा, आणि लॉगमध्ये त्यांचं उत्तर १०.५२ चं. मी काही त्यांचा लॉग शोधायला गेलो नव्हतो, दुसऱ्याच कुणाची तक्रार तपासत होतो. पण दिसलं ते दिसलं.

आणि जे मला दिसतं ते दुसऱ्या कुणाला तरी हवं होणारच. एका वरिष्ठांनी बोलावलं. "रात्री आठनंतर कोण मेल बघतो आणि कोण बघत नाही, याची मागच्या सहा महिन्यांची यादी काढ." कशाला, विचारलं, तर म्हणाले, "कामाची तळमळ कुणाला आहे ते कळू दे जरा. अप्रेझल तोंडावर आलंय." मी म्हणालो, "साहेब, देतो की. तेवढं लेखी पाठवा, एचआरला प्रत टाकून." ते लेखी कधी आलं नाही. नोकरी करणाऱ्या माणसाकडे फार शस्त्रं नसतात, पण 'लेखी द्या' हे एक चांगलं आहे. त्यानंतर मी जुने लॉग ९० दिवसांनी पुसायचा नियम करून घेतला, कारण सांगितलं डिस्कची जागा. डिस्कची जागा खरंच कमी होती.

जर्मनीत फोक्सवॅगनने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार करून काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने मेल पोचवणंच बंद केलं, ते दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी सुरू व्हायचं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून त्याबद्दल कायदाच आला. आपल्याकडे सुप्रियाताई सुळ्यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खाजगी विधेयक मांडलं होतं. लोक यावर वाद घालतात की हे जमेल का. मी तांत्रिक बाजू सांगतो. सर्व्हरवर हे करणं माझ्यासारख्या माणसाला एका दुपारचं काम आहे. न जमणारा भाग सर्व्हरमध्ये नाही. आमच्याच धंद्याचं बघा. वीजकेंद्राचा पंप रात्री दोनला बसला तर माणूस उठवायलाच हवा, पण त्याला फोन करतात हो, मेल नाही पाठवत! रात्री दोनला आलेली मेल बहुतेक वेळा दोनला सुचलेली असते, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. २०१० च्या आसपास मुलांनी स्वतःच्याच फोनवर कंपनीची मेल मागायला सुरुवात केली. कंपनीही खूश, फोनचा खर्च नाही. ती जोडणी करताना एक अट सर्व्हर आपोआप घालतो आणि तिच्यावर सगळे न वाचता 'हो' म्हणतात. अट अशी, की फोन हरवला तर कंपनीला तो दुरून कोरा करता येईल. कंपनीची मेल तेवढी नाही बरं का, अख्खा फोन. फोटो, नंबर, सगळं. दुकानातून आणला तसा.

२०१२ च्या पावसाळ्यात आमचा एक तरुण इंजिनिअर आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याकडे निघाला होता. नागपूर गेल्यावर कधीतरी फोन खिशात नाही हे लक्षात आलं. शेजारच्याच्या फोनवरून त्याने मला रात्री अकराला लावला. त्याच वेळी विक्रीप्रमुखांचा फोन. दोन दिवसांनी एका मोठ्या टेंडरची पाकिटं उघडणार होती आणि आमच्या किमतीचं पत्रक या मुलालाही गेलं होतं. "आत्ताच्या आत्ता फोन कोरा कर." आणि मुलगा म्हणतोय, "सर, थोडं थांबता येईल का? बाबांचे शेवटचे व्हिडिओ त्यात आहेत. हॉस्पिटलमधले. मी कुठे उतरवून ठेवलेले नाहीत." त्याचे वडील जाऊन तीन महिने झाले होते.

इथे एक तांत्रिक गाठ आहे, ती समजून घ्या. कोरा करायची आज्ञा फोनवर उडत जात नाही. फोन मेल घ्यायला सर्व्हरकडे येतो, पासवर्ड दाखवतो, तेव्हा सर्व्हर त्याच्या हातात ती चिठ्ठी देतो. म्हणजे मी त्या मुलाचा पासवर्ड बदलला तर चोराला नवी मेल मिळणार नाही, पण मग फोन ओळख पटवू शकत नाही, चिठ्ठी त्याला कधीच मिळत नाही आणि आत उतरलेलं तसंच राहतं. आणि चिठ्ठी द्यायची तर पासवर्ड तोच ठेवून वाट बघायची. दोन्ही एकदम होत नाही. त्यात एखाद्या भल्या माणसाला तो फोन सापडला आणि परत करावा म्हणून त्याने चालू केला, की त्याच क्षणी बाबा गेले.

मी दोघांनाही दहा मिनिटं मागितली. फोनवर किती दिवसांची मेल उतरेल हे मीच सर्व्हरवर बांधलेलं होतं. तीन दिवस. किमतीचं पत्रक गेलं होतं अकरा दिवसांपूर्वी. फोनला कुलूप सक्तीचं होतं. मुलाला परत फोन लावून विचारलं, "ते पत्रक फोनवर कधी उघडलं होतंस? खरं सांग." म्हणाला, "नाही सर, एवढ्याशा स्क्रीनवर कोण बघणार, लॅपटॉपवरच." मी पासवर्ड बदलला. कोरा करायचं बटण दाबलं नाही. आणि का दाबलं नाही याची कारणं विक्रीप्रमुखांना रात्री पावणेबारालाच मेलने कळवली. (हो, पावणेबारालाच!)

टेंडर आम्हाला मिळालं नाही. पहिल्या नंबरचा भाव आमच्यापेक्षा इतका खाली होता की आमची किंमत चोरून कुणाला काही मिळालं नसतं. तरी विक्री खात्यात पुढची दोन वर्षं 'तो फोन' असा उल्लेख व्हायचा, माझ्याकडे बघून. फोनही मिळाला नाही. रेल्वे पोलिसांकडे तक्रार झाली, कुणी परत आणून दिला नाही. म्हणजे व्हिडिओ गेलेच. तो मुलगा परत आल्यावर माझ्या टेबलाशी आला, काही बोलला नाही, चहा प्यायला चला म्हणाला. मी ते बटण दाबलं असतं तरी त्याच्या हाती तेवढंच राहिलं असतं. पण आम्ही दोघं तो चहा प्यायलो नसतो, असं मला वाटतं.

त्यानंतर मी एक कागद केला, साध्या मराठीत. 'तुमचा फोन तुमचा असला तरी कंपनी तो पूर्ण कोरा करू शकते. त्यातले घरचे फोटो परत मिळणार नाहीत. हे मला समजले.' खाली सही. सही केल्याशिवाय जोडणी नाही. मॅनेजमेंटला तो फार उघडावाघडा वाटला, इंग्रजीत चार पानी करून द्या म्हणाले. मी चार पानीही केला आणि हाही ठेवला. पाच जणांनी वाचून सही करायला नकार दिला. काका त्यातले एक. "तुझी मेल मी रात्री नऊला बघतो की. खिशात कशाला?"

आता हे सगळं बरंच सुधारलंय. अँड्रॉइडवर २०१४ पासून कामाचा कप्पा वेगळा करता येतो, कंपनीने पुसलं तरी तेवढा कप्पाच पुसला जातो. मार्च २०२१ मध्ये एक्सचेंज सर्व्हरमधली ती मोठी भोकं जाहीर झाली, तेव्हा आम्ही एक शनिवार-रविवार सर्व्हर रूममध्ये काढला, आणि वर्षभरात आमचीही मेल क्लाउडवर गेली. त्यामुळे बाहेरून आत यायचं दार हा प्रकारच उरला नाही. आतच काही नाही. पुण्यात टेबलावर बसलेला आणि हल्दियाला पंपाशेजारी उभा असलेला, दोघंही सारखेच बाहेरचे. सर्व्हर रूममध्ये परवा गेलो होतो, तिथे दसऱ्याच्या पूजेचं सामान आणि जुन्या खुर्च्या ठेवल्यात. एसी मात्र अजून चांगला आहे.

भाचीने मागच्या महिन्यात नवी नोकरी धरली. तिने स्क्रीनशॉट पाठवला, "मामा, हे 'ॲलाव' करू का?" मी म्हटलं, कर, पण कप्पा वेगळा कर आणि त्याला बंद करायचं बटण असतं, ते संध्याकाळी दाबत जा. ती म्हणाली, "बटण आहे रे, माहितीये. पण बाकीचे कुणी दाबत नाहीत ना!" यावर माझ्याकडे काही तांत्रिक उत्तर नव्हतं.

काका २०१५ मध्ये निवृत्त झाले, सध्या साताऱ्याला असतात. हे लिहिताना त्यांना मेल केली, चंद्रपूरच्या त्या लॉजचं नाव काय होतं? दुपारी दोनला पाठवली. उत्तर आलं दुसऱ्या दिवशी रात्री, नऊ वाजून बारा मिनिटांनी. लॉजचं नाव त्यांना आठवत नाही. ऑपरेटर मात्र पक्का आठवतो. निघताना त्याने विचारलं होतं म्हणे, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना आता?"